बुटकी गाडी

गाड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. बयाजी गवळ्याचे गुडघे पार गेले होते. चालत रतीब घालणं आता होईना, म्हणून तो गाडी घ्यायला दुकानात गेला.

उंच लाल मोटारसायकल म्हणाली, "माझ्यावर बस, गाव बघत राहील."

कोपऱ्यातली बुटकी गाडी म्हणाली, "आधी दुधाचे कॅन लावून पाय टाकून बघ, बाबा."

"तिच्यावर बसलास तर लोक म्हातारा म्हणतील," लाल हसली.

बयाजीने लालच घेतली, हार घातला, नारळ फोडला. सकाळी कॅन अडकवले, तर पाय काही पलीकडे जाईना. तिसऱ्या खेपेला तो गाडीसकट आडवा झाला. दूध गटारात गेलं.

बायको सारजा म्हणाली, "बघतंय ना गाव? बघू दे. उठा, बुटकी आणू."