जाहिरातीतलं पोट

जंगलात दुकानं नुकतीच थाटली जात होती, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलानं आपल्या मधाच्या दुकानाची जाहिरात सुतार पक्ष्याकडे करायला दिली. पक्ष्यानं आधी ओल्या चिखलावर नमुना काढला. पुढे ऐटीत बसलेलं अस्वल आणि मागे, ते जिथून मध आणायचं, ते ओढ्याकाठचं वाकडं झाड.

"अस्वलराव, सगळं नीट बघून घ्या. खोडावर एकदा कोरलं की पुसता येत नाही."

अस्वलाची नजर स्वतःच्या चित्रावरून हलेना. "पोट जरा आत घे रे. बाकी झकास!"

जाहिरात लागली. ती बघून सगळं जंगल मधासाठी निघालं आणि थेट वाकड्या झाडापाशी पोचलं. दुकानाकडे कुणी फिरकलंच नाही.

हिवाळा सरेपर्यंत अस्वलाचं पोट अगदी जाहिरातीतल्यासारखं झालं.