दोन हातांचं जातं

धोंडाईचं कुणी ऐकलं नाही, बाळांनो. घसा बसेस्तोवर सांगत होती, तरी नाही. का नाही ऐकलं, ते सांगते. पाय पोटाशी घ्या आणि गप्प पडा.

एकदा काय झालं, पलीकडचा डोंगर पेटला. आतून पेटला, बरं का. घरं गेली, गुरं गेली. तिथली माणसं लेकरं पाठीला बांधून खडकवाडीत आली. खडकवाडी तरी कुठली श्रीमंत? एक वेळ खायची, एक वेळ पाणी प्यायची. पण धोंडाईनं गोठा झाडला आणि सोनकी नावाच्या बाळंतिणीला आत घेतलं.

राणीला हे कळलं. तिनं धान्याच्या गाड्या धाडल्या, आणि एक जातं. साधं नव्हे. एक घास जोंधळे घातले की गावभर पीठ. गाड्यांबरोबर आला कारभारी गुणाजी. बोलायला गोड, पोट पुढं.

जातं उतरलं तशी धोंडाई सवयीनं म्हणाली, "ये गं सोनके, बस समोर." घरी आलेली बाई जात्याला हात लावतेच की. दोघींनी खुंटा धरला, एक वेढा दिला. भुरभुर पीठ पडलं. कारभाऱ्यानं ते पाहिलं आणि दोघींना उठवलं. मग गावात काटेरी कुंपण घातलं. राणीचा हुकूम आहे म्हणाला. गाव इकडं, पाहुणे तिकडं.

मग गावच्या बायकांनी दळलं. नुसता कोंडा. मग जातं कुंपणापलीकडं नेलं, पाहुण्या बायकांनी दळलं. नुसती वाळू. मग कारभाऱ्याबरोबरच्या शिपायांनी दळलं. दगडाचा चुरा.

कारभारी गावाला सांगे, पाहुण्यांनी चेटूक केलं. पाहुण्यांना सांगे, गावानं जात्याचा दगड बदलला. लोक एकमेकांवर धोंडे घेऊन धावले. त्या गोंधळात गाड्यांवरची पोती कुठं चालली, हे एकानं विचारलं नाही. एकानंही नाही.

धोंडाई दारोदार फिरली. "मी पीठ पाहिलंय. त्याला दोघी लागतात, एक इकडची, एक तिकडची."

शेजारीण म्हणाली, "गोठ्यात ठेवलीस ना तिला. आता तिचंच गाणार तू."

सोनकीचं दूध आटलं. आणि गावानं ठरवलं, सकाळी पाहुण्यांना हाकलायचं. कुठं? पेटलेल्या डोंगरात. तान्ह्या लेकरासकट.

मग मात्र धोंडाईचं डोकं फिरलं. उजाडताच तिनं कोयता घेतला, कुंपण तोडलं, रक्ताळल्या हातानं सोनकीला ओढत जात्यापाशी आणलं. शिपाई आडवा आला.

"हो बाजूला," धोंडाई म्हणाली, "नाहीतर पुढचा घास तुझा घालते."

झाला बाजूला.

दोघी समोरासमोर बसल्या. सोनकीनं ओवी धरली, धोंडाईनं उचलली. आणि पीठ पडू लागलं. मांडीएवढं, मग कमरेएवढं. मग काय झालं, जातंच ओवी गाऊ लागलं. एक हात गावाचा, एक पाहुणीचा, असं राणीनं बजावलं होतं, ते कुणी लपवलं. पोती कुणाच्या घरात रचली. सगळं गायलं, नावासकट.

त्या दिवशी दोन्हीकडच्या चुली पेटल्या. सोनकीला दूध आलं. कुंपणाच्या काट्यांवर भाकऱ्या भाजल्या. पाहुणे राहिले, गाव राहिलं, सगळे पोटभर जेवून सुखानं नांदले.

मिटा आता डोळे. पण मोठेपणी कुणी तुम्हाला म्हणालं ना, की पाहुणे आले म्हणून खडकवाडी उपाशी राहिली, तर ऐकून घेऊ नका. नाव सांगा. खणखणीत सांगा. गुणाजी कारभारी.