पान उघडेपर्यंत

"...मग तो चहाच असेल, तर माझं व्रत मोडलं का हो, आत्या?"

प्रमिलाने एवढं विचारलं आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

काकडआरती नुकतीच झाली होती. मठाच्या ओसरीवर कापराचा वास अजून रेंगाळत होता. समोरचा डोंगर धुक्यात पार बुडालेला. आभाळ कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं.

आत्या खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्या या लहानशा मठाच्या गुरू; वयाने वाकलेल्या, नजरेने ताठ. शिष्यांपैकी कुणी त्यांना महाराज म्हणालं की त्या चक्क तोंड फिरवायच्या, म्हणून सगळ्यांच्या त्या आत्याच झाल्या होत्या.

त्यांनी कापूस ओढला. तळव्यावर वळला. वात ताटलीत ठेवली.

"कोणता चहा?"

मग प्रमिलाने सगळं सांगितलं.

प्रमिला खरोटे नाशिकची. व्रतवैकल्यांत तिचा हात धरणारं भजनी मंडळात कुणी नव्हतं. हरतालिकेला ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, सोळा सोमवार तर किती वेळा झाले असतील. मंडळातल्या बायका नव्या सुनांना म्हणायच्या, व्रत कसं करायचं ते खरोटेवहिनींना विचारा. हे प्रमिलाच्या कानावर यायचं, आणि आलं की बरं वाटायचं.

यंदाचं व्रत मात्र नावासाठी नव्हतं. ते लेकीसाठी होतं.

गौतमीचं दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला, तेव्हा देवशयनी एकादशीला प्रमिलाने देवापुढे हातावरून पाणी सोडलं. चातुर्मास संपेपर्यंत चहा वर्ज्य. चहा म्हणजे तिचा जीव की प्राण. उठल्याबरोबर, दुपारी, दिवेलागणीला, कुणी आलं की, कुणी गेलं की. सोडायचं तर असंच काहीतरी सोडावं, नाहीतर देवाला काय त्याचं?

पहिले दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. शेजारणीला दया आली. तिने कपभर ग्रीन टी आणून दिला. यात दूध नाही, साखर नाही, हा काही चहा नव्हेच, काढा समजा आणि घ्या, असं म्हणाली.

प्रमिलाने काढा समजून घेतला.

चव काही धड नव्हती. पण ठणका थांबला. मग फोनवर एकदा काय शोधलं, आणि मोबाईलने जणू तिचा नादच धरला. रोज नवं काहीतरी समोर आणू लागला. जपानातले डोंगर, त्यांवर हिरव्या शालीच्या घड्या घालाव्यात तशा चहाच्या ओळी, मागे धुकं. पाहता पाहता तिला वाटायचं, आपण तिथे जाऊन आलोय कधीतरी... कुठल्या जन्मी कोण जाणे.

तिने ऑनलाइन एक पाकीट मागवलं. मग दुसरं. आधी सेंचा आला, गवताच्या ताज्या भाऱ्यासारख्या वासाचा. मग भाजलेल्या पानांचा होजिचा, त्याला तर लाह्यांचा वास. मागवण्याआधी ती कोणी काय लिहिलंय ते सगळं वाचायची. कोणता विक्रेता यंदाचं पान देतो, कोण मागल्या वर्षीचं खपवतो, हे तिला फोटोतल्या रंगावरून कळू लागलं होतं. पार्सल आलं की ते देवघराच्या खणात जायचं, फुलवातींच्या शेजारी. नवरा एकदा म्हणालाही, हल्ली आपल्या समईला गवताचा वास येतो.

आणि परवा नणंद आली. तिने कपात डोकावलं, पाकीट उलटंसुलटं केलं आणि हसली.

"वहिनी, झाड एकच असतं. तुम्ही चातुर्मासभर चहाच पिताय. आणि तोही साधा नाही, परदेशी."

त्या क्षणापासून प्रमिलाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चातुर्मास सरत आला होता. गौतमीचेही दिवस भरत आले होते. देवाला शब्द लेकीसाठी दिलेला... मग मोडल्याचं फळ कुणाच्या वाट्याला जाईल?

म्हणून ती मठात आली होती. पिशवीतून तिने एक चंदेरी पाकीट काढून आत्यांच्या पायाशी ठेवलं. सगळ्यांत भारी, ग्योकुरो. हे मठाच्या कुंडात टाकून द्या, आणि मला काय ते प्रायश्चित्त सांगा, म्हणाली.

आत्यांनी पाकीट उचललं. नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"करून दाखव."

"आत्या?"

"हा कसा करतात, ते दाखव."

प्रमिला गोंधळली. पण गुरूंचा शब्द. तिने चुलीवर तपेलीत पाणी ठेवलं. आधण आलं तशी तपेली उतरवून ओसरीवर आणली, आणि नुसती बसून राहिली.

"घाल की आता पानं."

"नाही, अजून नाही. उकळतं पाणी घातलं तर पान करपतं, कडू होतं. बोट बुडवून सोसवेल इतकं निवू द्यायचं."

"तोवर?"

"तोवर काही नाही. बसायचं."

त्या बसल्या. तपेलीतून वाफ वर जात होती आणि ओसरीबाहेर धुक्यात मिसळत होती. मठाची गाय कुठेतरी हंबरली, पण दिसली नाही.

गप्प बसवेना म्हणून प्रमिला सांगू लागली, हे पान तोडायच्या आधी काही आठवडे त्या झाडांवर मांडव घालतात, ऊन लागू देत नाहीत; त्या अंधारातच त्याला गोडी येते. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. मंडळात हरतालिकेचे नियम सांगताना व्हायचा, तसा.

"म्हणजे त्यांनाही चातुर्मास घडवतात म्हण की," आत्या म्हणाल्या.

प्रमिलाला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

पाणी निवलं. तिने फुलपात्रात चिमूटभर पानं घातली. सुयांसारखी बारीक, गर्द हिरवी. वरून हळूच पाणी सोडलं आणि त्यावर ताटली झाकली.

पुन्हा बसणं.

झाकण काढलं तेव्हा पानं उघडली होती. नुकत्याच सोललेल्या मटारांचा वास ओसरीभर झाला. तिने ते पाणी दोन वाट्यांत गाळलं. फिकट हिरवं, सकाळसारखं.

आत्यांनी वाटी घेतली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बाहेर धुकं थोडं विरळ झालं, एका झाडाचा शेंडा दिसला, परत गेला.

प्रमिलाने आपली वाटी खाली ठेवली. तिचा हात आपसूक पिशवीतल्या फोनकडे गेला. उजाडत आलं होतं. या वेळेला ती गौतमीला फोन करायचीच: रात्री बाळ हललं का, पाय सुजलेत का, दुखतंय का कुठे. मग न्याहारीच्या वेळी एक, दुपारी एक, मग जेव्हा जेव्हा छातीत धस्स होईल तेव्हा तेव्हा.

तो पिशवीत शिरायच्या आधीच आत्यांनी तिची वाटी उचलून तिच्या हातात ठेवली.

"घे."

"पण आत्या, व्रत..."

"मोडलं असेल, तर मोडलंच आहे. आणि नसेल मोडलं, तर घाबरतेस कशाला?"

वाटीची ऊब तळव्यात उतरत होती. प्रमिलाने ती ओठांपर्यंत नेली आणि थांबली. हा घोट घेतला तर लेकीचं काय होईल? नाही घेतला, तर गुरूंचा शब्द खाली पडेल.

"घरी हा कुठे बसून पितेस?"

"गॅलरीत. तुळशीपाशी."

"तेव्हा मनात काय असतं?"

नामस्मरण असतं, असं म्हणता आलं असतं. मंडळात कुणी विचारलं असतं तर ती तेच म्हणाली असती. पण समोर आत्या होत्या.

"काहीच नाही," ती म्हणाली. "पाणी निवत असतं, मी बघत असते. पान उघडतं, मी बघत असते... विष्णुसहस्रनाम म्हणताना माझं मन दहा ठिकाणी जातं, आत्या. इथे कुठेच जात नाही."

"गौतमी?"

प्रमिलाने वाटीतल्या फिकट हिरव्या पाण्याकडे पाहिलं.

"त्या वेळी गौतमी असते मनात?"

"...नाही. तीसुद्धा नसते."

आणि मग तिचा बांध फुटला. हेच तर, म्हणाली. चहा प्यायले ते एक वेळ देव पोटात घालील. पण पोर तिकडे अवघडलेली, दोनदा होरपळलेली, आणि तिची आई इकडे वाटीभर पाण्यात तिला विसरून सुखाने बसते. असली कसली आई? बाकी सारा दिवस तर तिची काळजी सोडत नाही. इतकी, की परवा गौतमीच कळवळून म्हणाली, "आई, मला रात्रभर झोप नाही गं. दिवसा जरा डोळा लागतो, तोच तुझा फोन वाजतो. तुझा आवाज ऐकला की मलाच भीती वाटायला लागते."

एवढं सांगून ती थांबली. नाक पुसलं. वाटी अजून हातातच होती. रडण्याच्या भरात कधीतरी तिने घोट घेतला होता. जिभेवर ती गोडी रेंगाळत होती आणि तिला ते आत्ता कळत होतं.

आत्यांनी तपेलीतलं उरलेलं पाणी त्याच पानांवर ओतलं. ताटली झाकली. हात पदराला पुसून परत खांबाला टेकल्या.

"ती माझी चूकच ना, आत्या? मी तिला विसरते, त्या वेळात तिला काही झालं तर?"

आत्या झाकलेल्या फुलपात्राकडे पाहत राहिल्या. धुक्यातून पहिलं ऊन ओसरीच्या पायरीवर आलं, दुसऱ्या पायरीवर चढलं...

"तेवढ्या वेळात," त्या म्हणाल्या, "पोरीला झोप लागत असेल."