भुजंगरावांची भूमिपूजनं

“पण बाबा, आमच्या मागून आलेले मंत्री झाले. आम्हीच का नाही?”

आमदार भुजंगराव शेवाळे टेकडीवरच्या मठात दयागिरी बाबांपुढे हात जोडून बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल. एका पायातला बूट वाटेतच राहिलेला.

गुरुवारी मंत्रिमंडळाचा विस्तार होता. यादीत नाव येतं की नाही, या काळजीनं त्यांना घास गोड लागत नव्हता. पोरवयात ते याच मठात झाडलोट करायचे. अजूनही मोठं काही अडलं की पाय इकडंच वळायचे.

बाबा लसूण सोलत होते.

“गाडी कुठाय?”

“ओढ्यात रुतली. रस्ताच नाही ना, बाबा.”

“रस्त्याचं भूमिपूजन तू केलं होतंस की.”

“केलं ना. सरपंच होतो तेव्हा. पण निधी पंचायत समितीत अडकला.”

“मग तू पंचायत समितीत गेलास.”

“सभापती झालो. पुन्हा नारळ फोडला. तेव्हा घोडं जिल्हा परिषदेत अडलं.”

“मग?”

“तिथं सदस्य झालो. तिसरा नारळ फोडला. तर फाईल मुंबईला गेलेली.”

“आणि आमदार झालास तेव्हा?”

“चौथा.” भुजंगराव जरा थांबले. “आता ती मंत्र्याच्या टेबलावर आहे. म्हणून म्हणतो बाबा, मंत्रिपद मला माझ्यासाठी नकोच. ह्या रस्त्यासाठी पाहिजे.”

आपण लोकांसाठी किती झिजलो, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं.

बाबांनी लसूण बाजूला ठेवला…

“चल.”

पाण्याची घागर उचलून ते दाराबाहेर आले. मठाच्या चढावर चार फरशा पायऱ्यांसारख्या बसवल्या होत्या. आमदारसाहेब मघाशी त्यांच्यावरूनच धापा टाकत चढले होते. बाबा त्यांना घेऊन अगदी खाली उतरले आणि पहिल्या फरशीवर त्यांनी पाणी ओतलं. चिखल वाहून गेला.

‘सरपंच श्री. भुजंगराव शेवाळे यांच्या शुभहस्ते…’

वरच्या फरशीवर सभापती निघाले. त्याच्या वरच्या फरशीवर जिल्हा परिषद सदस्य. चौथीला पाणी उरलं नाही, पण आमदारकीची अक्षरं सोनेरी होती. ती चिखलातूनही वाचता येत होती.

भुजंगरावांचा चेहरा पडला.

“बाबा, ह्या कोनशिला तर रस्त्याच्या तोंडाशी उभ्या केल्या होत्या.”

“होत्या. बिचाऱ्या रस्त्याची वाट बघत उभ्या होत्या. इथं म्हाताऱ्या बाया घसरायच्या, म्हणून आडव्या घातल्या. दगड चांगला वापरतोस हो.”

“पण लोक माझ्या नावावर पाय देतात…”

“देतात. आणि तुला दुवाही देतात.”

भुजंगराव खाली मान घालून नुसते चढू लागले. चौथ्या फरशीनंतर उंबरठ्यापर्यंत नुसताच चिखल होता. तिथं त्यांचा पाय सटकला, तशी बाबांनी मागून बखोट धरलं.

सावरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “मग बाबा… गुरुवारचं काय?”

बाबांनी त्या चिखलाकडं पाहिलं. मग प्रेमानं भुजंगरावांच्या डोक्यावर हात ठेवला.

“मंत्री हो, भुजंगा. एक पायरी कमी पडते आहे.”