कुलूपवाली तबकडी

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी स्वतः तिथे होतो. म्हणजे नव्हतो, मला कपाटाने सांगितली.

फार पूर्वी एका घरी अत्यंत सुरेल आवाजाची तबकडी, म्हणजे सीडी, होती. नक्कल होऊ नये म्हणून तिला कुलूप होतं. प्रत्येक वेळी घरातला संगणक तिच्या कंपनीला विचारी, मगच ती गाई. एकदा ती गाताना शेजारच्या कॅसेटने गाणं भरून घेतलं.

"चोरटी मेली!" तबकडी कडाडली.

पुढे कंपनीच बंद पडली. संगणक म्हणाला, "आता विचारू कुणाला?" तबकडीचं गाणं थांबलं.

शेवटी ती हळूच म्हणाली, "कॅसेटताई, माझं गाणं ऐकवता? मलाच आठवेना."

"मध्ये कुकरची शिट्टी आलीय हो."

"असू दे."

कॅसेट वाजली. तबकडी रडली, संगणकालाही वाईट वाटलं.

संगणकाचं तेवढं मी पदरचं घातलंय.