भारद्वाजाची शेतसहल

एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक रानडुकरीण शेती करत असे. मुलांनो, रानडुकरं शेताची काय दशा करतात हे तुम्ही ऐकलं असेल, त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला पहिल्याच वाक्याला खोटी वाटेल. पण ही डुकरीण निराळी होती. नाकाने जमीन उलथायची हौस तिच्या सगळ्या नातेवाइकांना होती तशी तिलाही होती. फक्त उलथून झाल्यावर तिथे काहीतरी पेरावं, एवढं तिला सुचलं होतं. ती भुईमूग लावायची. तिच्या शेंगा टपोऱ्या असत आणि तिचा स्वभाव फटकळ होता. शेतात कुणी मधेमधे आलेलं तिला मुळीच खपत नसे.

शेताच्या काटेरी कुंपणात एक भारद्वाज राहत असे. काळंभोर अंग, तांबूस पंख, लालबुंद डोळे. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, अशी समजूत सगळीकडे आहे. त्यामुळे लहानपणापासून जो भेटेल तो त्याला नुसता पाहूनच खूश व्हायचा. आपण दिसलो की जगाचं भलं होतं, असं मग त्यालाही वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर यात त्याचा फारसा दोष नव्हता. तुम्ही वर्गात शिरताच रोज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर तुम्ही तरी कशाला अभ्यास कराल? पोट भरण्यासाठी मात्र त्याला शेतात उतरावं लागे. रोपांची मुळं कुरतडणाऱ्या पांढऱ्या लठ्ठ अळ्या मातीत असतात, त्या तो पायाने उकरून खायचा. हे काम तो पहाटे, कुणी बघत नसताना उरकून घेई आणि उजाडायच्या आत ओढ्यावर जाऊन पाय धुऊन येई. चिखलाचे पाय घेऊन चारचौघांत जाणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

एकदा त्याच्या मनात आलं, की शेती म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशा मंडळींना बोलावून शेत दाखवावं, चार गोष्टी शिकवाव्यात. या बेताला त्याने ‘शेतसहल’ असं नावही देऊन टाकलं. डुकरिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, काय करायचं ते कर, माझ्या कामात पाहुणे आणू नकोस म्हणजे झालं. भारद्वाजाला हेच हवं होतं. पाहुण्यांसमोर चिखलाने लडबडलेली डुकरीण दिसली तर शोभा ती काय राहणार? दोघांचंही एकमत झालं. ती कुंपणाच्या पलीकडे राबायची, तो अलीकडे सहल भरवायचा. बांधाजवळ खताचा ढीग होता, त्यावर त्याने घाणेरीची रंगीत फुलं पसरली. वास लपला नाही, पण दिसायला ढीग छान दिसू लागला.

पेरणीच्या दिवसांत या सहलीला गावातल्या बागेतल्या खारी आल्या. त्या मौजेसाठी आल्या नव्हत्या. इतकी वर्षं बागेत फिरायला येणारी माणसं त्यांना शेंगदाणे टाकत, त्यावरच त्यांचं कुटुंबच्या कुटुंब पोसलं होतं. आता बागेच्या दारावर पाटी लागली होती, की प्राण्यांना खायला घालू नये. माणसं पाटी वाचून खिशातले दाणे स्वतःच खाऊ लागली. तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या खारूताईने ठरवलं होतं, की बागेच्या मागच्या मोकळ्या जागेत आपणच भुईमूग लावायचा. थंडीपर्यंत पीक हाती आलं तर ठीक, नाहीतर जन्मापासूनची ती बाग सोडून जायची.

भारद्वाजाने त्यांना पळसाच्या पानांवर बसवलं, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना माती लागायला नको. मग पंख पसरून, आपल्या घुमणाऱ्या आवाजात त्याने शेती समजावून सांगितली. बी मातीत टाकावं. टाकलं की पुन्हा तिथे पंजा लावू नये. ही एक गोष्ट मात्र त्याने अगदी बरोबर सांगितली, कारण पुरलेलं बी उकरून खाल्ल्याशिवाय खारीला चैन पडत नाही. सगळ्यांनी तशी शपथही घेतली. जमीन अंगणासारखी झाडून स्वच्छ ठेवावी, रोज संध्याकाळी रोपांना गाणं म्हणून दाखवावं, आणि शेंगा आल्या की खाव्यात. गाणं त्याने तिथेच शिकवलं. खारींना ते फार आवडलं.

खारूताईने एकच प्रश्न विचारला. “भारद्वाजराव, शेंगा नक्की कुठे लागतात?”

भारद्वाज गोंधळला. रोज पहाटे अळ्या उकरताना त्याच्या पायाला मातीत काहीतरी टणक लागायचं, पण ते काय आहे हे बघायला तो कधी थांबला नव्हता, कारण उजाडायच्या आत पाय धुवायचे असत. त्याने शेवगा आठवला, चिंच आठवली. “फांदीला,” तो म्हणाला, “शेंगा आणखी कुठे लागणार?” कुंपणापलीकडून कुणीतरी मोठ्याने नाक फुरफुरल्याचा आवाज आला, पण भारद्वाजाने गाण्याचं धृपद पुन्हा सुरू केलं. निघताना त्याने प्रत्येकीला डुकरिणीकडून मागून घेतलेलं पेरणीपुरतं बी दिलं. खारी आनंदात घरी गेल्या आणि वाटभर एकमेकींच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होत्या, कुणी बी खात तर नाही ना म्हणून.

त्यांनी मनापासून शेती केली. मोकळ्या जागेत बी पेरलं. जागा पुरेना म्हणून उरलेलं बरंचसं बी मागच्या कोपऱ्यात टाकलं. बागेचा माळी झाडलेला पाला तिथे आणून टाकत असे. तो पाला कुजून काळा झाला होता आणि त्याला वास येत होता, म्हणून पेरून झाल्यावर त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलंच नाही. बाकीचं शेत मात्र आरशासारखं. रोज झाडलोट, रोज गाणं. रोपं वर आली, पिवळी फुलं आली, खारींनी नाच केला. मग फुलं सुकली आणि प्रत्येक फुलाच्या जागी एक बारीक देठ फुटून खाली मातीकडे झुकू लागला. खारींना वाटलं, रोप थकलं. शेंगा लागायच्या त्या फांदीला, आणि देठ चाललेत जमिनीकडे! बिचाऱ्या रोज सकाळी एकेक देठ अलगद वर उचलून फांदीवर नीट ठेवायच्या. दसरा आला. पानं पिवळी पडू लागली. फांदीला एकही शेंग नव्हती.

खारी पुन्हा भारद्वाजाकडे आल्या. त्याने लांबूनच पाहिलं आणि पळसाची पानं अंथरली, पण खारूताई बसली नाही.

“आज गाणं नको, भारद्वाजराव,” ती म्हणाली. “आम्हाला काही जमलं नाही. बाग सोडून चाललोय. ओढ्याकाठी कुठे रिकामं झाड असेल तर तेवढं दाखवा.”

आपल्याला समोर पाहूनही कुणाचा चेहरा उजळला नाही, असं भारद्वाजाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याने पंख पसरून पाहिले, मग मिटून घेतले. तेवढ्यात कुंपणापलीकडून ढेकळं फुटल्याचा आवाज आला. आता खारूताईला शोभेची पर्वा उरली नव्हती. ती सरसर कुंपणावर चढली आणि पलीकडे पाहू लागली. तिथे डुकरीण भुईमूग काढत होती. तिने एक रोप तोंडात धरून ओढलं, गदागदा हलवलं, माती झडली आणि खाली शेंगांचा घोस लोंबू लागला. खारूताई बघतच राहिली. मग हळू आवाजात तिने डुकरिणीला सगळी हकीकत सांगितली. फुलं कशी सुकली, देठ कसे खाली आले, आणि ते रोज वर कसे उचलून ठेवले.

डुकरीण आधी खो खो हसली. हसताहसता तिचं लक्ष खारूताईच्या डोळ्यांकडे गेलं आणि तिने हसू आवरलं. “आगं, त्या आऱ्या,” ती म्हणाली. “फुलातनं निघत्यात आन् मातीत शिरत्यात. मातीत शिरल्या तरच शेंग धरती. त्या दिवशी ह्यो काय सांगतोय ते म्या कुंपनाआडून ऐकलं व्हतं. पर म्हनलं, कशाला पाव्हन्यांच्या नादी लागा. माझंबी चुकलंच.” मग तिने विचारलं, “समद्याच उचलल्या का?”

“सगळ्या,” खारूताई म्हणाली. “एक मागचा कोपरा सोडून. तिथे कुजका पाला आहे, वास येतो. आम्ही तिकडे गेलोच नाही.”

डुकरिणीने कान टवकारले. “मग हितं काय करताय? पळा. त्यो कोपरा बघा आदी, न्हाईतर उंदीर खाऊन बसतील.”

अशी धावपळ त्या ओढ्याने कधी पाहिली नसेल. पुढे खारी, वर भारद्वाज. भारद्वाज खरं तर फार लांब उडणारा पक्षी नव्हे, पण त्या दिवशी तो उडाला, थकला, चालला, पुन्हा उडाला. बागेत तोच सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि थेट त्या कुजक्या पाल्यात उतरला. पोटापर्यंत चिखल. दोन्ही पायांनी तो भराभर उकरू लागला. उकरताना एक पांढरी लठ्ठ अळी वर आली आणि रोजच्या सवयीने त्याने ती सगळ्यांच्या देखत मटकावली. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तो जागच्या जागी थिजला. शरमेने त्याचे डोळे लाल झाले असतील, पण ते मुळातच लाल असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

“हे काय खाल्लंत?” खारूताईने विचारलं.

भारद्वाजाने मान खाली घालून सांगितलं, की ही अळी मुळं खाते. मी रोज पहाटे डुकरिणीच्या शेतातल्या अळ्या वेचतो. कुणाला सांगितलं नाही, कारण पाय फार घाण होतात.

“म्हणजे ते पीक तुम्ही राखता?” खारूताई म्हणाली. “अहो, एवढी चांगली गोष्ट त्या दिवशी आम्हाला का नाही दाखवलीत?”

पण उत्तराची वाट बघायला खारींना वेळ नव्हता, कारण तेवढ्यात एकीने त्या कोपऱ्यातलं पहिलं रोप उपटलं होतं. काळ्या भुसभुशीत मातीतून शेंगाच शेंगा वर आल्या. दुसरं रोप उपटलं, तिसरं उपटलं, तीच तऱ्हा. ज्या कोपऱ्याला सगळ्यांनी नाकं मुरडली होती, त्यानेच थंडीची बेगमी केली होती. झाडून चकचकीत केलेल्या शेतात मात्र पाच-दहा चुकार शेंगा सापडल्या, त्याही नजरेतून सुटलेल्या देठांना लागलेल्या. खारी नाचल्या, चिखलात लोळल्या, आणि पाठीवरचे पट्टे कुणाचे कुठले हे ओळखू येईनासं झालं. खारूताईने पहिली शेंग भारद्वाजाला दिली. त्याला शेंगदाणे आवडत नाहीत, पण ती शेंग त्याने कितीतरी वेळ चोचीत धरून ठेवली. बाग सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पुढच्या हंगामात शेतसहल पुन्हा भरली, पण पळसाची पानं कुणी अंथरली नाहीत. आलेल्या ससे-माकडांना डुकरीण सगळ्यात आधी खताच्या ढिगाकडे नेते, नाकं मुरडली तर दटावते, आणि मग सगळ्यांना मातीत उतरवते. पाहुणे तिला अजूनही आवडत नाहीत असं ती म्हणते. ते यायला उशीर झाला की मात्र चारदा बांधावर जाऊन वाट बघून येते. आऱ्या सुटल्या की खारूताई मुद्दाम बागेतून येते आणि आपण त्या कशा वर उचलून ठेवल्या होत्या ते करून दाखवते. सगळे पोट धरून हसतात, सगळ्यात जास्त तीच हसते. गाणंही आहे, पण ते आता काम करताना म्हणतात. आणि भारद्वाज भर दुपारी, सगळ्यांसमोर, पायाने माती उकरून अळ्या वेचून दाखवतो. सहलीहून घरी गेलेली मंडळी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, “आज आम्हाला भारद्वाज दिसला, आणि त्याचे पाय चिखलाने भरले होते.”

तात्पर्य : कुणाला काही शिकवायचं असेल, तर काम त्याच्या मातीसकट दाखवावं; कारण शोभेसाठी आपण जे झाकून ठेवतो, नेमकं तेच शिकायला पाहुणा आलेला असतो.