थांबलेली मूठ

"मग मी नियम तरी कोणता मोडला, तेवढं सांगा की!"

येर्मोलायने हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारा निकांद्र गोठलेल्या नदीवर वाकून पहारीने बर्फ फोडत होता. पाणी काढायचं भोक पुन्हा बुजलं होतं आणि त्याला चहाला पाणी हवं होतं.

"बाबा, दोन दिवस चालत आलोय मी."

"ऐकू येतंय मला," निकांद्र म्हणाला. "ती बादली इकडे सरकव."

येर्मोलायने बादली सरकवली, पण मनातून तो चडफडला. अहो, हा गडी गावचा लोहार. दारातून आत शिरायचं तर तिरकं व्हावं लागे, असे खांदे. गावात त्याच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. आणि इथे जंगलात राहणारा हा हाडकुळा साधू त्याला पाणक्यासारखा राबवत होता!

पण करतो काय? अडलेला होता.

त्याचं असं झालं होतं. त्या मुलखात हिवाळा सरत आला, ईस्टरआधीचे मोठे उपवास तोंडावर आले, की माणसं गोठलेल्या नदीवर गुद्द्यांचा खेळ खेळतात. अलीकडचं गाव एका रांगेत, पलीकडचं समोरच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून. या रांगेला ते भिंतच म्हणतात. एका भिंतीने दुसरीला ठोसत, रेटत काठाला लावायचं, एवढाच खेळ. म्हातारे ओरडून घसा बसवून घेतात, बायका काठावरून आपापल्या नवऱ्यांना शिव्या घालतात. नाकं फुटतात, दात पडतात, पण त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही.

नियम मात्र कडक. हातमोज्यात लोखंड लपवायचं नाही. मागून मारायचं नाही. आणि पडलेल्याला हात लावायचा नाही. त्याचे दोन्ही गुडघे बर्फावरून सुटले की तो उभा. तोवर तो आडवाच धरायचा.

गेल्या वर्षी येर्मोलायच्या गुद्द्याने पलीकडच्या गावचा सेवास्त्यान जागीच मेला.

खेळ असतो उपवासांआधीच्या रविवारी, आणि तो माफीचा दिवस. वर्षभराचं जे काही असेल त्याची माफी मागायची, आणि समोरच्याने ती द्यायची. यंदा सेवास्त्यानचा भाऊ लुक्यान पलीकडच्या भिंतीत येर्मोलायच्या बरोब्बर समोर उभा राहणार होता. निकांद्रचा शब्द दोन्ही गावं मानत. लुक्यानने निरोप धाडला होता. निकांद्रबाबा तुला स्वच्छ म्हणाले, तर खेळाआधी सगळ्यांदेखत तुला मिठी मारीन. नाही म्हणाले, तर त्या बर्फावरून तू चालत घरी जाणार नाहीस.

लुक्यान जंगलात झाडं तोडायचा. बोलायचा कमी, आणि बोललेलं करायचा.

येर्मोलायला मरायचं नव्हतं. कुणाला असतं?

"बरं," निकांद्र पहारीवर भार देऊन उभा राहिला. "कसं झालं ते सांग."

येर्मोलायने घसा खाकरला. वर्षभर सांगून सांगून ते त्याला तोंडपाठ झालं होतं.

"हातमोज्यात काही नव्हतं. दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी आधी चाचपून बघितले होते."

"हं."

"समोरासमोर होतो. मागून नाही."

"हं."

"एक गुद्दा बसला आणि तो पडला. मी थांबलो."

"थांबलास?"

"थांबलो म्हणजे काय! दुसरा कुणी असता तर त्या धुंदीत लाथ घालून मोकळा झाला असता. मी नाही. मूठ वळून उभा राहिलो, आणि त्याचे गुडघे सुटेपर्यंत हललो नाही. शंभर माणसांनी बघितलंय, हवं तर विचारा. गुडघे सुटले, तेव्हा मारला."

"राग आला होता?"

"मुळीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने मला पाडलं होतं हे खरं. सगळं गाव हसलं होतं. पण राग नव्हता. डोकं अगदी थंड होतं माझं."

"थंड…"

"थंड, बाबा. म्हणून तर म्हणतो. सांगा आता. स्वच्छ आहे ना मी?"

निकांद्रने त्याच्याकडे पाहिलं. मग बर्फाकडे पाहिलं.

"आडवा हो."

"काय?"

"इथे. बर्फावर. तोंड वर करून."

येर्मोलायला वाटलं, आशीर्वाद देण्याची ही काही इथली पद्धत असेल. साधूंचं काय सांगावं! तो टोपी काढून आडवा झाला. निकांद्र येऊन त्याच्या डोक्याशी उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी पहार उचलली आणि तिचं टोक बरोब्बर येर्मोलायच्या कपाळाच्या वर, हातभर अंतरावर धरलं.

"ऊठ."

येर्मोलाय कोपरावर रेलला आणि तिथेच थबकला.

"बाबा… पहार बाजूला घ्या."

"का? तू आडवा आहेस. आडव्याला मी काही करत नाही."

"आणि उठलो तर?"

"तर उभा असशील."

येर्मोलाय हसला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं.

थंडी मेंढीच्या कातड्याच्या कोटातून पाठीला भिडली. मग कमरेला. हा म्हातारा म्हणजे एका हाताने उचलून फेकावा एवढासा. कुशीवर वळायचं, पाय धरून खेचायचं, की झालं. येर्मोलायला हे सगळं सुचत होतं, पण अंग हलत नव्हतं. आपण घाबरलोय हे त्याच्या ध्यानात आलं. आणि घाबरवत होती ती पहार नव्हेच, म्हाताऱ्याचे डोळे होते. त्यांत राग नव्हता. रागावलेल्या माणसाच्या पाया तरी पडता येतं. हे डोळे नुसते त्याच्या गुडघ्यांवर होते.

"कुठवर असे उभे राहणार?"

"मला घाई नाही."

"बाबा, गारठून मरेन मी!"

"पडून राहिलास तर मरशील खरा."

…

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. पाठ बधिर झाली. दात एकमेकांवर आपटायला लागले. आणि मग येर्मोलायचा उजवा हात वर गेला. त्याने तो मुद्दाम केला नाही, आपसूक गेला. बोटं पसरलेली, तळवा म्हाताऱ्याकडे.

"हा कशाला?" निकांद्रने विचारलं.

"उठवाल म्हणून…"

येर्मोलायचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. तोंडावरचं रक्त पार उतरलं.

"त्याने पण केला होता," तो म्हणाला.

निकांद्रने पहार हलवली नाही.

"सेवास्त्यानने. हात वर केला होता. असाच." त्याचा आवाज फाटला. "आमच्यात पाडतो तोच उठवतो, बाबा. तसा काही नियम नाही, रीत आहे. मी समोर थांबलेला दिसलो, तेव्हा त्याला वाटलं, मी त्याला उठवायलाच थांबलोय. नाकातनं रक्त गळत होतं आणि तो हसला माझ्याकडे बघून. हसला, आणि हात वर केला."

"मग?"

"मी दिला नाही."

"मग?"

"मग तो आपला आपणच उठायला लागला. दोन्ही हात बर्फाला टेकून. तोंड झाकायला हात होतेच कुठे त्याला? आणि मी… मी गुडघे बघत होतो. सुटले कधी, सुटले कधी…"

एवढा दांडगा लोहार, बर्फावर उताणा पडून ढसाढसा रडायला लागला. वर्षभरात त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. समोरचे आपापल्या गुद्द्यांत गुंतले होते, आणि गर्दी त्याच्या पाठीमागे होती. तिला त्याची पाठ दिसली होती आणि सेवास्त्यानचे गुडघे. तो हात कुणाला दिसला नव्हता.

निकांद्रने पहार खाली ठेवली. वाकला आणि वर आलेला तो हात धरला. येर्मोलायला ओढून काढण्याएवढं बळ त्याच्यात कुठलं! येर्मोलाय स्वतःच्याच ताकदीने उठला. पण म्हाताऱ्याचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

"आता ऐक," निकांद्र म्हणाला. "नियम तू एकही मोडला नाहीस. लुक्यानला सांग, निकांद्र तसं म्हणाला."

झालं! जो शब्द घ्यायला दोन दिवस बर्फ तुडवत आला, तो मिळाला. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडला नाही.

"आणि हाताचं?"

"लुक्यानने मला हाताचं विचारलेलं नाही. त्याला ठाऊकच नाही, तर विचारेल कसं?"

"म्हणजे तो मला मिठी मारील."

"मारील."

"आपल्या भावाने हात वर केला होता, हे कळल्याशिवायच मारील."

"हो."

येर्मोलायने टोपी उचलली. तिच्यावरचा बर्फ झाडला, पुन्हा झाडला. झाडण्यासारखं काही उरलं नाही तरी झाडत राहिला.

"आणि सांगितलं, तर माझा जीव घेईल."

"घेईल कदाचित."

"घरी पोर आहे, बाबा. आठ महिन्यांची."

"सेवास्त्यानला?"

"…दोन."

निकांद्र भोकाशी बसला आणि बादली पाण्यात सोडली. बर्फाचे तुकडे पत्र्यावर खडखडले.

येर्मोलायला पळून जावंसं वाटलं. त्या स्वच्छ म्हणवणाऱ्या शब्दासकट घरी जावं, दार लावावं, पोरीला छातीशी धरावं. कुणाला कळणार होतं? कुणालाही नाही. पण रविवारी लुक्यान दोन्ही हात पसरून पुढे येईल, आणि आपण त्या हातांत शिरायचं…

"सांगतो," तो म्हणाला. "दोन्ही गावांसमोर सांगतो. नाही सांगितलं तर मला त्या भिंतीत उभं राहता यायचं नाही."

निकांद्रने मान डोलावली. शाबासकी दिली नाही.

"पण पुढचं सांगा, बाबा. तो अंगावर येणारच. मी त्याच्यापेक्षा भारी आहे. मनात आणलं तर दोन गुद्द्यांत लोळवीन त्याला. आणि नुसता उभा राहिलो, तर तो मला मारून टाकील. मग काय करू? त्याचा गुद्दा अडवू? परतवू?"

निकांद्रने भरलेली बादली उचलली. पाणी हिंदकळून त्याच्या बुटांवर सांडलं. तो झोपडीकडे चालायला लागला आणि चार पावलांवर थांबला.

"पड," तो म्हणाला. "आणि पडलास की हात वर कर."